सेरापियोसाहेबांची आंघोळ

प्रिय क्लेमेंतेदादा,

मेरीमातेच्या कृपेने इकडे सगळे धडधाकट आहेत. तुझा गुडघा आणि तुझा पाण्याचा टँकर, दोन्ही फार कुरकुर न करता चालत असतील अशी आशा करते. (वहिनीची तब्येत विचारत नाही, ती स्वतःच फोनवर तासभर सांगते. आज तुमचा फोन लागेना, म्हणून हे पत्र तीनचाकीवाल्याच्या हाती देते आहे.)

आपल्या गल्लीच्या नळाला वर्षभर नुसती हवा येते, हे तुला ठाऊक आहेच. अर्ज करून करून हात दुखले, तेव्हा कुठे पाणीखात्याने पाहणीला माणूस धाडला. त्याने 'पाणी नाही' एवढं कळवलं की नवी पाइपलाइन मंजूर. पण खात्याने दिवस निवडला तो नेमका संत जुआनच्या सणाचा. आलेले सेरापियोसाहेब पडले दूरच्या बेटावरचे. या दिवशी इथे रस्त्यावर दिसेल त्याला भिजवतात आणि भिजलेल्याने रागवायचं नसतं, हे त्यांना कोण सांगणार? त्यात गल्लीने सणासाठी विकतच्या पाण्यातला थेंब थेंब आठवडाभर साठवला होता. पोरांच्या आंघोळी बंद, तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा पिंपात. (नळ कोरडा म्हणून संताला नाराज करायचं का, असा बासिलियाकाकूंचा सवाल होता.)

साहेब कोपऱ्यावर वळले आणि पहिली बादली पडली. "अहो, मी पाणीखात्याचा माणूस!" ते ओरडले. "मग तर तुमचाच मान पहिला!" म्हणत काकूंनी अख्खं पिंप कलंडलं. साहेबांनी निथळत निथळतच वरिष्ठांना फोन लावला: "पाणी मुबलक आहे. जरा जास्तच आहे." ते ऐकून काकू पायरीवर बसून रडल्या. मलाही वाईट वाटलं.

मग साहेबांच्या अंगाला खाज सुटली (तांदळाचं पाणी बरंच शिळं होतं). आपल्याच घरी येऊन त्यांनी आंघोळीला पाणी मागितलं. मी न्हाणीघर दाखवलं. नळ जरासा खोकला आणि गप्प झाला. साहेबांनी शेजारपाजारचे नळही फिरवून पाहिले, आणि परत येऊन म्हणाले, "बाई, माझं चुकलं. मी पुन्हा कळवतो. पण आधी आंघोळ!" सध्या ते तुझी जुनी अर्धी चड्डी घालून खाजवत बसले आहेत.

तुझी बहीण,
नोर्बेर्ता

ता. क. : टँकर आजच्या आज पाठव. गल्लीची पाइपलाइन आता साहेबांच्या आंघोळीवर अडली आहे.

ता. क. पुन्हा : टँकर मागच्या रस्त्याने पाठव. सण अजून संपलेला नाही, काकूंनी डोळे पुसून रिकामं पिंप भरायला दारात मांडलं आहे, आणि साहेब परत जाणार ते याच गल्लीतून.