मध्यंतरात बाजू बदलणारे बाबा

हार्डकर्क, यॉर्कशायर
२० मार्च १९९४

ती. म्युरिअलताईस,
नॉर्मनचा शि. सा. न. वि. वि.

तू माझ्यावर रुसून तेवीस वर्षं झाली. तरी ही बातमी तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून लिहितो. अल्बियन फुटबॉल क्लबने टॅनरी लेनचं मैदान विकलं. १८८७ साली चामड्याच्या कारखान्यातल्या कामगारांनी चिखल उपसून केलेलं ते मैदान! आता तिथे दुकानं होणार. सात मेला शेवटचा सामना आहे. नवं मैदान हमरस्त्यापलीकडे आहे, खुर्च्यांवर नंबर टाकलेत. म्हातारे म्हणतात, नाटकाला आल्यासारखं वाटेल.

बाबांच्या अस्थी तिथून काढाव्या लागतील. कुठे ठेवू ते तू सांग. गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक.

राग उरला असेल तर त्यासकट लिही.
तुझा नॉर्मन

हॅलिफॅक्स, कॅनडा
४ एप्रिल

चि. नॉर्मनला अनेक आशीर्वाद.

आता विचारतोस? बाबा गेले तेव्हा मी एकच गोष्ट मागितली होती. त्यांना चॅपलकडच्या, प्रार्थनाघराच्या बाजूच्या गोलामागे ठेव, कारण तिथल्या छपराखाली पावसात आई त्यांना पहिल्यांदा भेटली. तू हो म्हणालास. मी कॅनडाच्या बोटीत बसले आणि महिन्याभरात शेजारच्या डोरिसचं पत्र आलं की नॉर्मन कालव्याकडच्या गोलामागे खणत होता. तुला तुझी उभं राहायची जागा प्यारी! बहिणीला फसवलंस, आणि वर तोंड शिवून बसलास.

बाबांना माझ्याकडे पाठवून दे. मैदानापायी त्यांची पुन्हा फरफट नको. गुडघ्यांना गरम पाण्याने शेक. हट्टी आहेस, ऐकणार नाहीसच.

आशीर्वाद आहेत, रागही आहे.
म्युरिअल

हार्डकर्क
९ मे

ती. ताईस शि. सा. न.

डोरिसने खरं तेच लिहिलं, पण अर्धं. ती दुपारी घरी गेली. संध्याकाळी मी चॅपलकडेही खणलं.

ताई, बाबा कधी एका जागी उभे राहिले का? पूर्वार्धात आपला संघ ज्या गोलावर चाल करील त्या गोलामागे, आणि मध्यंतर झालं की सगळ्या गर्दीबरोबर मैदानाला वळसा घालून दुसऱ्या गोलामागे. अल्बियनचा गोल जवळून बघायचा, मग तो होवो न होवो. त्यांना एकाच बाजूला पुरायला माझा हात धजेना. तंबाखूच्या दोन डब्यांत अर्धे-अर्धे ठेवले. तुला सांगितलं नाही, कारण बापाची वाटणी केलीस म्हणून तू माझी सालटी काढली असतीस. चुकलंच माझं.

परवा कालव्याकडचा डबा सकाळीच काढून घेतला. मध्यंतरात आम्ही म्हातारे दुसऱ्या बाजूला निघालो. हल्ली असं फिरू देत नाहीत. फाटकावरचा माणूस म्हणाला, आजोबा, तिकीट या बाजूचं आहे. मी कोट उघडून डबा दाखवला आणि म्हणालो, ह्यांचं दोन्ही बाजूंचं आहे. त्याने टोपी काढली आणि फाटक उघडलं. शंभरएक जण माझ्यामागे चालत आले. चॅपलकडे पोचलो तेव्हा मी रडलो, लपवत नाही. सामना दोन-शून्यने हरलो, रिवाजाप्रमाणे.

नंतर तिथला डबाही काढला. आता बाबा एकत्र आहेत, माझ्या शेकोटीवरच्या फळीवर. नव्या मैदानावर त्यांना बाजू बदलता येणार नाही, तिथे नको. तू म्हणशील तर कॅनडाला पाठवतो. पण सामना संपल्यावर बाबा दुसरीकडे कुठे जायचे का? थेट घरी. चहा गरम राहावा म्हणून आई किटलीवर लोकरीची टोपी घालून वाट बघायची. मला वाटतं, त्यांना तिच्या कबरीत ठेवावं.

लोभ आटला असेल तर माझ्याकडचा घे, खूप साठलाय.
नॉर्मन

हॅलिफॅक्स
१८ मे

चि. नॉर्मनला खूप खूप आशीर्वाद.

गाढवा, तेवीस वर्षं! दोन ओळींत सांगता आलं असतं. आणि मलाही विचारता आलं असतं.

पाठवू नकोस. अकरा जूनचं विमानाचं तिकीट काढलंय. बाबांना घरी, आईकडे, आपण दोघं नेऊ. तोवर किटलीवर टोपी असू दे.

तुझीच,
ताई