वाणात आलेली वेल

मी, आशाबाई खुशालराव गावंडे, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार चांदूर बाजार, जिल्हा अमरावती, पूर्ण शुद्धीवर हे मृत्युपत्र सांगते आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. शिक्षण चौथी. लिहिणारे वकील सौमित्र देशपांडे, शब्द माझे. ते गोड करायचे नाहीत असं त्यांना बजावलं आहे. आजवर कोणाला तोंडी काही कबूल केलं असेल तर ते रद्द.

१. राहतं घर धाकटी सून पौर्णिमा हिला. माझा मुलगा अनुप गेल्यावर ती माहेरी गेली नाही, मी जा म्हटलं नाही. यापलीकडे आमचं बोलणं झालेलं नाही.

२. थोरला मुलगा किशोर याला बाळापूरची जमीन त्याच्या वडिलांनी हयातीतच दिली. ती त्याला पुरावी.

३. द्राक्षाची बाग. इथं आसपास द्राक्ष कुठंच नाही, म्हणून रोग यायला वाट नाही, म्हणून कलमांच्या कंपनीने ही जागा निवडली. आम्ही फळ विकत नाही, लावणीसाठी वेलीच्या काड्या विकतो. दरवर्षी प्रयोगशाळेचे लोक पानं नेतात, वेली निरोगी असल्याचं प्रमाणपत्र देतात, मग काड्यांना लेबल लागतं. नाशिककडचे वाइनवाले त्या लेबलाच्या भरवशावर मळे लावतात. मी वाइन चाखलेली नाही.

बागेत बाहेरची वेल आणायची नाही, हा एकच नियम होता. दोन संक्रांतींपूर्वी अमरावतीला एका बाईंनी पौर्णिमाला हळदीकुंकवाला बोलावलं. विधवा झाल्यापासून तिला कोणी बोलावलं नव्हतं. वाण म्हणून द्राक्षाचं रोप दिलं. त्या बाई म्हणजे चारुशीला, या वकिलांचीच बायको. हे वाक्य लिहायला ते तयार नव्हते. मी म्हटलं, लिहा. बाईंचा दोष नाही, त्यांना नियम माहीत नव्हता. पौर्णिमाला माहीत होता. तिला ते रोप फेकवलं नाही. बागेच्या कुंपणाशी लावलं. मी पाहिलं असतं तर उपटलं असतं.

यंदा दिवाळीनंतर त्या वेलीची पानं लाल होऊन वळली. पौर्णिमाने आपणहून प्रयोगशाळेला फोन केला. तपासलं तर पिठ्या ढेकूण या किडीने तिचा रोग आमच्या वेलींत नेलेला. प्रमाणपत्र थांबलं. पौर्णिमा रडली. मी चहा ठेवला.

किशोर आला. म्हणाला, "माय, आपल्या येलीचे पानं तं हिरवेगार हायेत. कोनाले दिसते? जुने लेबलं लावू अन् देऊन टाकू."

म्हटलं, "तुहा बाप बी मेला त्या सकाळी चांगलाच दिसत होता."

"मंग सारी बाग जाळतं का?"

"जाळतो."

"हे पौर्णिमानं केलं अन् भोगाचं आपन?"

"तिनं सांगतलं तरी. तू तं झाकून राह्यला."

म्हणून बागेची जमीन पौर्णिमाला. प्रयोगशाळा सांगेल तोवर तिथं तूर-हरभरा घ्यावा, मग तपासलेल्या वेली लावाव्या. बाहेरचं रोप देवाने दिलं तरी आत घेऊ नये. लेबलं मी काल चुलीत घातली. किशोरने शोधत बसू नये.

४. माझी हळदीकुंकवाची पितळी कोयरी पौर्णिमाला. कुंकू लावायचं की नाही, ते तिचं ती पाहील. मला कोणी विचारलं नव्हतं.

५. येत्या सोमवारी वेली मुळासकट उपटून जागेवरच जाळायच्या आहेत. त्याआधी मी मेले तर काम थांबवू नये. आधी वेली, मग मी.

६. साक्षीला मी किशोरलाच बोलावलं आहे. वकील म्हणाले, "काकू, त्याला यात काहीच मिळत नाही. तो सही करेल?" म्हटलं, "ज्याले काही भेटत नाही, तोच खरा साक्षीदार. उद्या मायले समजत नव्हतं असं म्हनाले तो मोकळा राहू नये."

त्याने सगळं ऐकलं. पेन उचललं. मग मला विचारलं, "वल्लं लाकूड हाये, पेटनार नाही. डिझेल आनू?"

म्हटलं, "आन."

हेही लिहून घेतलं आहे.

लिहून देणार: आशाबाई खुशालराव गावंडे (सही)
साक्षीदार: १. किशोर खुशालराव गावंडे (सही)
२. डॉ. शेखर वानखडे (सही)
ठिकाण: चांदूर बाजार
दिनांक: १२ डिसेंबर २०२४