आवाज आहे तोवर

प्रिय छोट्या,

पत्र बघून दचकू नकोस. काही गोष्टी मला तोंडाने नीट सांगता येत नाहीत.

माझ्या कामाची तू कायम थट्टा करायचास. "सिगारेट का ओढता, एवढं विचारायचा पगार मिळतो?" आमच्या संशोधनात किती जण ओढतात ते मोजणारे वेगळे असतात रे. आम्ही एकेकाजवळ बसून ऐकतो. पहिली कोणी दिली, सोडायची ठरवल्यावर घरात काय झालं, पुन्हा का पेटवली. उपदेश करायचा नाही. माणूस गप्प झाला तर आपणही गप्प बसायचं. मग रेकॉर्डिंगवरून सगळं उतरवून काढायचं, खोकल्यासकट. सध्या आम्ही कॅन्सरच्या रुग्णालयात, ऑपरेशनची वाट बघणाऱ्यांशी बोलतोय. एक निवृत्त मास्तर म्हणाले, जन्मभर मुलांना धूम्रपानाच्या तोट्यांवर निबंध लिहायला लावले, पण ते तपासायला बसलो की हातात सिगारेट लागायचीच. दोघंही हसलो.

मागच्या आठवड्यात बाबांनी स्वतःहून मुलाखतीसाठी नाव दिलं. हो, आपले बाबा. घसा बरेच दिवस बसला होता, तपासणीत कॅन्सर निघाला. तुला कळवू नको म्हणाले, मीही ऐकलं. घरच्याची मुलाखत घेता येत नाही, म्हणून माझ्या मैत्रिणीने घेतली. मी बाहेर बाकड्यावर बसून होते. ते रेकॉर्डिंग मी ऐकलेलं नाही, ऐकणारही नाही. जे सांगते आहे ते बसमधून घरी येताना त्यांनीच सांगितलेलं.

मैत्रिणीने विचारलं, कधी सोडायचा प्रयत्न केला होता का? ते म्हणाले, मुलगा घर सोडून गेला तेव्हा.

आई गेली त्या दिवशी तू सगळ्यांदेखत म्हणालास, तिने कधी सिगारेटला हात लावला नाही, तुमच्याच धुराने तिची छाती भरली. बाबा तुला एका शब्दाने बोलले नाहीत. ते आपल्याच तोऱ्यात आहेत, असं तुला वाटलं, मलाही वाटलं. बसमध्ये खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पोरगं खरं तेच बोललं गं. काय उत्तर देणार? त्याने अजून चार शब्द ऐकवले असते तरी चाललं असतं. घर सोडून जायला नको होतं." आणि मग, "तुझी मैत्रीण बरी आहे. माझं बोलणं मध्ये एकदाही तोडलं नाही."

काल न्हाणीघराचं दार लावून ते तुझं नाव घेऊन काहीतरी बोलत होते. मधेच थांबायचे, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. मी स्वयंपाकघरात नळ सोडून दिला, मला ऐकू येतंय असं त्यांना वाटू नये म्हणून.

शुक्रवारी त्यांचं स्वरयंत्र काढणार आहेत. पुढे एखादं यंत्र लावून बोलता येईल म्हणतात, पण तो आवाज बाबांचा नसेल. त्यांना माफ कर असं मी म्हणत नाही, ते तुझं तू बघ. फक्त शुक्रवारच्या आधी ये. नाहीच जमलं तर फोन कर, मला नको, त्यांना. आवाज खूप घोगरा झालाय, पटकन ओळखू येणार नाही. राँग नंबर समजून ठेवून देऊ नकोस रे.

तुझीच,
ताई