डब्यावरची आई

ता. ९ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, असं आधी लिहायचं असतं म्हणून लिहिलं. तुझा फोन हल्ली मदतनीस उचलतो आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणून सांगतो. तेव्हा हे पत्र.

तुझ्या पुडीचा डबा आमच्या मेडिकलमध्येही आला. मालकांनी नेमका माझ्याच काउंटरवर मांडलाय. 'गुडघेदुखी बरी करते' हे वाक्य अन्न खात्याने उडवलं तेव्हा तू केवढा चिडला होतास! आजार बरा होतो म्हणायचं तर औषधासारख्या चाचण्या दाखवा, ही तर दुधात घालून प्यायची पूड, असं त्यांनी सुनावलं. शेवटी 'सांध्यांच्या आरोग्यास पूरक' एवढ्यावर तुझी बोळवण झाली. मग तू हसत म्हणालास, "ताई, परवानगी शब्दांना लागते. फोटोला कोण विचारतंय?"

आणि डब्यावर आई आली. जिना चढणारी, हसणारी.

फोटो काढला तेव्हा मी तिथेच होते. तिसऱ्या पायरीवर तू तिला मागून धरलं होतंस. नंतर कॉम्प्युटरवर तुझा हात तेवढा पुसलास. काम सफाईदार झालंय, मान्य. गिऱ्हाइकं मला विचारतात, "आई खरंच चढतात हो?" मी खाली वाकून पिशवी शोधत राहते.

आईचं तू विचारलं नाहीस, तरी सांगते. उन्हाळ्यापासून ती घराबाहेर पडलेली नाही. काठी घेतलेली कुणी पाहिली तर? "पोराचा धंदा बसेल गं," म्हणते. डॉक्टर गुडघा बदला म्हणाले, तेही तिने टाळलं. "त्याचा माल एकदा मार्गी लागू दे, मग बघू." तुझा माल मार्गी लागला. ती घरातच राहिली.

गेल्या सोमवारी मी दुकानात असताना एक बाई घरी आल्या, हातात तुझा डबा. त्यांच्या सासूबाईंनी डॉक्टरांच्या गोळ्या सोडून तुझी पूड धरलीय. "तुम्ही चढता ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं," म्हणाल्या. आईने काठी दारामागे लपवली आणि जिन्याकडे निघाली. तिसऱ्या पायरीपर्यंत गेली म्हणे. हे मला त्या बाईंनीच रडत रडत सांगितलं. मी त्यांना एवढंच म्हटलं, घरी जा आणि आधी सासूबाईंच्या गोळ्या सुरू करा.

आईचं खुब्याचं हाड मोडलंय. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय असेल तिचं? "त्याला कळवू नकोस. आणि मी कोण ते इथे कुणाला सांगू नकोस." भेटीच्या वेळी ती चादर डोक्यावरून ओढून घेते. सिस्टरने तिला केव्हाच ओळखलंय. तिच्याही टेबलावर तुझा डबा आहे.

मला तुझा राग येतो. आईचा त्याहून जास्त येतो, पण तिच्यावर ओरडायची ही वेळ नाही, म्हणून सगळं तुझ्या वाट्याला.

उद्यापासून तिला उभं करणार आहेत. पुढून वॉकर असेल, पण मागून कुणीतरी धरायला हवं आणि मला तिचं वजन पेलत नाही. पैसे पाठवू नकोस. डबा तर मुळीच नको. जो हात पुसलास, तेवढा घेऊन ये.

मी वाट पाहत नाही. चादरीखालून ती पाहते.

तिच्याजवळ असलेली,
ताई