प्लास्टरची पेरीन

३ सप्टेंबर, ग्रेनोबल
लागली बाई नोकरी! ब्रिटनी प्रांतातला पाऊस आणि नवऱ्याची किरकिर, दोन्ही मागे टाकून मी आणि नोलवेन इथे आलो. पोरगी सहा वर्षांची, पण खिडकीतून डोंगर दिसला तशी कमरेवर हात ठेवून म्हातारीसारखी बघत राहिली. काम मजेचं आहे. मोबाइलमध्ये बसणारा, मसुरीच्या डाळीएवढा कॅमेरा. तो न दिसणारा उजेड फेकतो आणि अंतर मोजतो. नाक किती पुढे, डोळे किती खोल. मालकाचा चेहरा समोर आला तर फोन उघडायचा, मुखवटा आला तर नाही. त्याला फसवून बघायचं, हे माझं काम.

५ सप्टेंबर
इथे नव्या माणसाच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा मुखवटा करतात, चाचणीसाठी. शेजारच्या टेबलावरचा ओरेलियँ प्लास्टर थापता थापता म्हणाला, पेरीन, अर्धा तास गप्प बसायचंय, झेपेल ना? सगळे खो खो हसले. साहेबीण गिलेनने मुखवटा रंगवून फळीवर ठेवला. हुबेहूब मीच, फक्त शांत.

९ सप्टेंबर
माझा फोन मुखवट्याला उघडला. मी कपाळाला हात लावला, म्हटलं, गेली सगळी मेहनत पाण्यात. गिलेन मात्र खूश. मग मी माझा चेहरा धरला, तर उघडेना. ओरेलियँ म्हणाला, आता तूच खोटी गं! मेला दिवसभर सगळ्यांना तेच सांगत फिरला.

१२ सप्टेंबर
पडद्यावर माझं नाक चपटं दिसतंय. डोळ्यांचे खळगे भरून आलेत. कॅमेरा बिघडला असेल म्हणून दुसरा लावला, तिसरा लावला. तेच. घरी येऊन आरशात पाहिलं आणि पाचावर धारण बसली. नाक खरंच— नोलवेन म्हणाली, आई, तुझं तोंड कुणी पुसलं?

१५ सप्टेंबर
मुखवट्याला मान फुटलीय. खांदेही. मी किंचाळले, हे काय चालवलंय तुम्ही! गिलेन शांतपणे म्हणाली, कॅमेरा दोघींतली एकच खरी धरतो गं. ती आजारी पडत नाही, मुलीसाठी लवकर घरी पळत नाही. ओरेलियँ फिदीफिदी हसला. मी त्याच्या थोबाडीत दिली.

गालाचा टवका उडाला. आत पांढरं, कोरडं. त्याने तुकडा उचलून खिशात टाकला आणि परत कामाला लागला.

१६ सप्टेंबर
सामान बांधलं. नोलवेनला आणायला शाळेत धावले. बाई माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, नोलवेन? तिची आई आत्ताच घेऊन गेली की. मी ओरडायला गेले. ओठ— ओठच नाहीत.

१७
त्या दोघी स्वयंपाकघरात आहेत. हसतायत. नोलवेन तिला म्हणतेय, आई, आता कशी छान दिसतेस. मी भिंतीशी. पाय हलत नाहीत. बोटं पांढरी पडत चाललीत—

गिलेन आलीय. म्हणतेय, लहान मुलांचे चेहरेही लागतात. उद्या आण तिला. नोलवेन विचारतेय, दुखतं का? ती म्हणाली, छे गं राणी, नुसतं गार लागतं. माझ्याच आवाजात—

नोलवेन, तुला अजून भरभर वाचता येत नाही, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते. ही आई नाही. आई इथे भिंतीशी आहे. रड. चाव. पळ. पण तोंडावर त्यांना प्ला—