फोन ठेवा, मी उलट लावते

८ सप्टेंबर १९६५, मलकापूर

सकाळची ड्यूटी. टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डासमोरून उठताच आलं नाही. लढाई लागल्यापासून गावाला फोनचं वेडच लागलंय. नंबर कोणी सांगत नाही. ‘डॉक्टरले दे’, ‘जिनवाल्या शेठले दे’. डॉक्टर घरी नसले तर कुठे गेले, तेही एक्स्चेंजनंच सांगायचं.

दुपारी स्टेशनवरून निरोप, लष्कराची स्पेशल येतेय. नेहमीसारखा आमच्या भीमनगरातल्या दुकानात फोन केला, मी जिच्याकडे राहते त्या वहिनीनं बातमी साऱ्या गावभर केली. गाडी लागली तेव्हा पुऱ्या, शेव, चहाच्या बादल्या घेऊन बाया फलाटावर हजर. वहिनीचा भाकरी-ठेचा सगळ्यात आधी संपला. जेवताना म्हणाली, “कोन्या आळीची भाकर हाय, एकाही जवानानं इचारलं नाही.” किती खूश होती.

११ सप्टेंबर

बुलढाण्याहून ट्रंक कॉल. पुरुषाचा भारदस्त आवाज, अनोळखी. कलेक्टर कचेरीतून बोलतोय म्हणे, पुढची स्पेशल मलकापूरला कधी? मला माहीत होतं. ओठांवर आलंही होतं. पण रोजचे आवाज मी झोपेतही ओळखीन, हा त्यांतला नव्हता. म्हटलं, “साहेब, फोन ठेवा. मी कचेरीत उलट लावते.” खवळला. नोकरी घालवीन म्हणाला, फोन आपटला.

बुलढाण्याच्या बोर्डावर लीला असते. तिला विचारलं. कॉल कचेरीतून नव्हताच, पोस्टातल्या सार्वजनिक फोनवरून होता. कचेरीत लावलं तर तिथे कोणाला काही ठाऊक नाही. मग हा कोण असेल?

१२ सप्टेंबर

आमचे सुपरवायझर दोन्हीकडून बोलतात. केलंस ते बरोबर, पण खराच साहेब असला तर? साहेब लोक पोस्टातूनही बोलतात. पुढच्या महिन्यात तुझं पर्मनंटचं आहे, तक्रार आली तर मी काय करू?

बाबांनी गावी, वरवट बकालमध्ये साऱ्यांना सांगून ठेवलंय, पोरगी सरकारी नोकरीत आहे. पर्मनंट नाही झाले तर परत तिथे, दुसऱ्यांच्या वावरात निंदणाला. नाही जायचं मला.

पण डोक्यातून दुसरीच गोष्ट जाईना. दुश्मनाच्या माणसाला मला विचारायची गरजच काय? बाया पुऱ्या तळायला बसल्या की समजावं, गाडी येतेय. अख्खं गाव वेळ सांगतंय, आणि ती बातमी निघते आमच्या बोर्डावरून.

१४ सप्टेंबर

स्टेशनचा निरोप आला. कोणाला सांगितलं नाही. गाडी आली, पाणी भरून गेली. फलाट रिकामा.

वहिनी संध्याकाळभर भांडी आपटत होती. मग एकदम, “काऊन वो, मले बी नाही सांगितलं? मी का दुश्मनाची आहो? पोरं उपाशी गेले ना.” कारण सांगितलं. ऐकून घेतलं, चूल फुंकत राहिली. मी रडले थोडी. आपलंच माणूस आणि...

१६ सप्टेंबर

वहिनी म्हणजे वहिनी. सकाळी उठल्या उठल्या म्हणाली, “गाडी कवा येते ते मले सांगूच नको. येऊ दे कवाबी. आपण तयारच राहू.”

बाया गोळा केल्या. पुऱ्या बंद. टिकेल ते करायचं, शेंगदाण्याचे लाडू, दशम्या, चिवडा. आळीआळीची पाळी लावली. गाडी असो नसो, रोज बाया फलाटावर डबे घेऊन तांदूळ निवडत बसणार, म्हणजे त्यांच्याकडे बघून गाडीची वेळ कोणाला कळायची नाही.

१८ सप्टेंबर

आज स्पेशल आली. कोणालाच कळवलं नव्हतं, तरी खिडकी-खिडकीत लाडू पोचले. वाटलं, सरकारनं येऊन पाहावं, आमचं गाव कसं तयार आहे ते. अभिमान वाटतो, का लपवू?

सुपरवायझरनी भिंतीवर पाटी लावली, अनोळखी आवाज असेल तर उलट फोन करून खात्री करावी. मी तर सगळ्यांनाच लावते. शेठ कुरकुरले, आता मले बी ओळखत नाही का? म्हटलं, ओळखते शेठजी, तरी ठेवा.

२१ सप्टेंबर

तोच आवाज. शंकाच नाही. “कचेरीतून बोलतोय.” तरी म्हटलं, “फोन ठेवा साहेब, मी उलट लावते.” या वेळी मुकाट्यानं ठेवला. लीलाकडून कचेरी मागितली. घंटी वाजते न वाजते तोच उचलला. तोच आवाज. म्हणजे खराच साहेब.

“त्या दिवशी बोर्डावर तुम्हीच होतात?” त्यानं विचारलं.

“हो.”

“नाव सांगा.”

सावकाश सांगितलं. इंदू सखाराम तायडे, मुक्काम वरवट बकाल. पलीकडे कागदाची सळसळ, लिहून घेत असावा. मग “बरं” म्हणाला आणि ठेवून दिला.

कशासाठी लिहिलं, कुणास ठाऊक. सुपरवायझर घाबरलेत, माझ्याकडे बघतही नाहीत. घरी सांगितलं तर वहिनीनं एवढंच विचारलं, “पुरं नाव सांगितलं ना, बापासकट?” हो म्हटलं. “मंग झालं,” म्हणाली आणि गुळाचं पातेलं माझ्यापुढे सरकवलं. उद्या फलाटावर आमच्या आळीची पाळी आहे.