एर्लिंडाच्या घरावर ठेवलेला दगड

मी, हॉयट ग्रेडी मॅबरी, वय एकोणसत्तर, धंदा पोकरच्या स्पर्धा खेळणे, राहणार हेंडरसन, नेवाडा, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कुणीही भरीस न घालता हे मृत्युपत्र लिहीत आहे. सकाळपासून पोटात फक्त कॉफी गेली आहे, याला साक्षीदार आहेत. यापूर्वी हॉटेलांच्या कागदी रुमालांवर मी ज्यांना जे जे लिहून दिलं, ते सगळं आजपासून रद्द समजावं.

सोमवारी डॉक्टर माझं हृदय उघडणार आहेत. शंभरात पंच्याण्णव जण वाचतात, असं ते हसत हसत म्हणाले. पोकरच्या टेबलावर उरलेल्या पाचांनी मला आजवर किती वेळा हरवून घरी पाठवलंय, हे त्यांना ठाऊक नाही. म्हणून हा कागद.

कलम पहिले : माझी माणसं. कायद्याने माझा वारस एकच, पहिल्या बायकोपासून झालेला मुलगा क्लेटन. तो फीनिक्सला विमा विकतो. एर्लिंडा दाकानाय हिच्यासोबत मी याच घरात चोवीस वर्षं संसार केला, पण लग्न केलेलं नाही. तिचा नवरा फिलिपीन्समध्ये अजून हयात आहे, कोंबडे झुंजवतो, आणि तिच्या देशात घटस्फोट मिळत नाही. एका जुगाऱ्याला सोडून दुसऱ्याच्या गळ्यात पडले, असं ती स्वतःच सांगत फिरते. तेव्हा मी असाच गेलो तर घर क्लेटनचं होईल आणि एर्लिंडा या घरात पाहुणी ठरेल. ते होऊ नये एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे. बाकीची कलमं माझ्या समाधानासाठी आहेत.

कलम दुसरे : माझ्या श्रीमंतीबद्दल. इंटरनेटवर माझ्या नावापुढे एकवीस लाख डॉलर जिंकल्याचा आकडा आहे. तो खरा आहे. फक्त तिथे आलेले पैसे लिहितात, गेलेले कुणी लिहीत नाही. आधी प्रवेश फी गेली. निम्म्याहून जास्त बक्षीस माझ्यावर पैसे लावणाऱ्यांनी नेलं, आणि राहिलेल्यावर सरकारने हात मारला. मग विमानं, मोटेलं, आणि पाठीचा डॉक्टर, कारण दिवसाचे बारा तास खुर्चीत बसून पाठीची वाट लागते. शंभर स्पर्धांत पंधरा वेळा बक्षिसाला हात लागला तर माणूस चांगला खेळाडू समजला जातो. बाकी पंच्याऐंशी वेळा तो पैसे भरून मार खायला आलेला असतो. बिस्मार्कच्या मोटेलात आम्ही चौघं दोन खाटांवर झोपायचो आणि माझा मित्र बूड्रो याच्याशेजारी कुणी झोपायचं ते पत्ता काढून ठरवायचो. क्लेटनला वाटतं, पैसे अंगणात पुरलेत. त्याने अंगण खुशाल खणावं, पण एर्लिंडाची वांगी सांभाळून.

कलम तिसरे : किरकोळ वस्तू. खेळताना घालायचा माझा काळा चष्मा आमच्या चर्चच्या फादर ओनील यांना द्यावा. कबुलीजबाब ऐकताना त्यांचा चेहरा सगळं सांगून टाकतो. रीनोची स्पर्धा जिंकून मिळालेला पितळी चषक स्वयंपाकघरातच राहावा, लसूण ठेवायला त्यासारखं भांडं नाही. माझं नशिबाचं जाकीट जाळावं. ते अंगावर असताना मी एकदाच जिंकलो, आणि त्या एका दिवसापायी अकरा वर्षं उन्हाळ्यात घामाने भिजलो.

कलम चौथे : माझा मित्र अल्सिड बूड्रो. याने तीस वर्षं माझ्यावर पैसे लावले आणि तरी माझ्याशी बोलतो, म्हणून या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्याच्याकडे सोपवतो. त्याला एक खोड आहे. कुणी भेटलं की आपण कसे हकनाक हरलो ती कहाणी तो सुरू करतो. या धंद्यात प्रत्येकाकडे तशा हजार कहाण्या असतात आणि दुसऱ्याची एकही कुणाला ऐकवत नाही. तेव्हा माझ्या अंत्यविधीला जो कुणी बूड्रोची टुलसाच्या स्पर्धेत हरल्याची कहाणी मधे न तोडता शेवटपर्यंत ऐकेल, त्याला माझ्या पैशांतून शंभर डॉलर द्यावेत. मी ती फुकट ऐकत आलो.

कलम पाचवे : घर. हे घर रीनोच्या बक्षिसातून पहिली रक्कम भरून घेतलं. कागद माझ्या एकट्याच्या नावावर झाले, कारण सह्यांच्या दिवशी एर्लिंडाची ड्यूटी होती आणि कॅसिनोत पत्ते वाटणाऱ्यांना त्या आठवड्यात रजा नव्हती. त्यानंतरचा जवळपास प्रत्येक हप्ता तिच्या पगारातून आणि टिपांतून गेला. मी जिंकलो की फ्रिज यायचा. हरलो की तो विकला जायचा.

गेल्या ईस्टरला क्लेटन आला. एर्लिंडाने केलेल्या शेवया दोनदा वाढून घेतल्या, मग भिंती ठोकून पाहिल्या आणि ती ताटं उचलत असताना मला विचारलं, "डॅड, ही इथे भाडं देते का?"

मी खेळाडू आहे. चेहऱ्यावर काही दिसू न देणं हेच माझं काम. त्या दिवशी मात्र ते जमलं नाही.

एर्लिंडाने ताटं खाली ठेवली. "भाडं नाही देत, हप्ते देते," ती म्हणाली. "छप्पर गळलं तेव्हा छपराचेही मीच दिले. तुला अजून शेवया हव्यात का?"

दुसऱ्या दिवशी दाराशी एक खोकं दिसलं. आत तिची जपमाळ, आईचा फोटो आणि भात शिजवायचं भांडं. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तू गेलास की तुझा मुलगा मला दोन दिवस देईल. तेव्हा धावपळ नको." ते खोकं अजून तिथेच आहे. मला येता-जाता त्याला वळसा घालावा लागतो, आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो.

तर स्पष्ट लिहितो : हेंडरसनचं हे घर, आतल्या सामानासह आणि बाहेरच्या वांग्यांसह, एर्लिंडा दाकानाय हिचं. त्यावर दुसऱ्या कुणाचाही हक्क नाही.

कलम सहावे : क्लेटन. त्याच्या तोंडाला पानं पुसतोय असं त्याला वाटू नये. कॅसिनोच्या तिजोरीतल्या माझ्या खणात जे असेल ते त्याचं, मात्र त्यातून आधी पुढच्या उन्हाळ्यातल्या मोठ्या स्पर्धेची फी भरावी आणि त्याने स्वतः खेळायला बसावं. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकला तरी एकवीस लाखांचं काय झालं ते त्याला कळेल. पोरा, माझं तुझ्यावर प्रेम आहे. तू शेवया दोनदा घेतल्यास तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

कलम सातवे : दगड. या धंद्यात नियम आहे की आपले पत्ते आपण सांभाळायचे. त्यावर हात ठेवा, नाणं ठेवा, काहीही ठेवा. उघडे राहिलेले पत्ते वाटणाऱ्याने चुकून उचलले, तर चूक कुणाचीही असो, डाव मेला आणि लावलेलं सगळं गेलं. हे घर घेण्याच्या आधी, त्याच मोठ्या स्पर्धेत एकदा आम्ही अकरा जण उरलो होतो. मी पत्ते वाटणारीच्या अगदी शेजारी. माझ्याकडे दोन एक्के. समोरच्याने सगळं लावलं, मीही लावलं, आणि चिप्स पुढे सरकवायला दोन्ही हात उचलले. तेवढ्यात तिने इतरांच्या टाकलेल्या पत्त्यांबरोबर माझे एक्केही गोळा केले. देखरेख करणाऱ्याने नियम वाचून दाखवला आणि मी बाहेर.

पुढच्या आठवड्यात नूडल्सच्या दुकानात ती माझ्या टेबलाशी आली आणि तिच्या गावच्या किनाऱ्यावरचा एक काळा दगड माझ्यापुढे ठेवला. "पत्ते उघडे ठेवलेस, मी उचलले," ती म्हणाली. "यापुढे हा ठेव. नाहीतर पुन्हा उचलीन." ती एर्लिंडा. त्या एक्क्यांवरून मी तिला आजवर टोमणे मारत आलोय आणि सोमवारनंतरही मारायचा विचार आहे.

त्या दिवसापासून एकही पत्ता मी उघडा ठेवला नाही. पण एर्लिंडा, तुझं घर उघडंच राहिलं. आता तो दगड याच कागदावर ठेवलाय. सह्या झाल्या की तो तुझा. खोकं उघड आणि भाताचं भांडं जागेवर ठेव. मी परत आलो तर मला भात लागेल, नाही आलो तर आलेल्या लोकांना लागेल.

सही : हॉयट ग्रेडी मॅबरी

साक्षीदारांचे निवेदन : वरील मजकूर मॅबरी यांनी आम्हाला वाचून दाखवला व आमच्यासमोर सही केली. आम्हा दोघांना यातून काहीही मिळणार नाही, म्हणूनच आम्हाला बोलावलं आहे असं त्यांनी सांगितलं. मी, लेटिशिया वॉन, पत्ते वाटण्याचं काम करते. सही करायला मी सवयीने कागद माझ्याकडे ओढू लागले, तेव्हा मॅबरींनी दगडावर तळवा दाबून धरला. मला वाकून, तो कागद जिथे होता तिथेच सही करावी लागली.

साक्षीदार १ : लेटिशिया वॉन
साक्षीदार २ : गस पापाकोस, शेजारी, निवृत्त बसचालक

स्थळ : हेंडरसन, नेवाडा, स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक : १० मे २०१८